लोकल विजेवर धावतात, मग आमच्या खिडकीत डिझेलचा धूर कुठून येतो?

यार्डालगतची (प्रश्न)

आमची सोसायटी मुंबईतल्या एका रेल्वे यार्डाच्या भिंतीला लागून आहे. यार्डाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांशी माझे अजून नीट बोलणे झालेले नाही आणि त्याआधी त्यांना चव्हाट्यावर आणणे मला योग्य वाटत नाही. आमच्या आणि रुळांच्या मध्ये एक भिंत, एक नाला आणि बदामाची दोन झाडे, एवढेच अंतर आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या येथे धुण्यासाठी आणि तपासणीसाठी येतात व पहाटे पुन्हा फलाटाकडे नेल्या जातात. पहाटे चारच्या सुमारास एक घरघर सुरू होते, ती कधी तासभर तर कधी दोन तास चालते, आणि तिच्या पाठोपाठ डिझेलचा घशात अडकणारा वास आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात शिरतो.

सासूबाईंना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट विकार आहे. वास सुरू झाला की त्या उठून पलंगाच्या कडेला बसतात, आणि मग घरात कोणाचीच झोप पुरी होत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या तुळशीची पाने मी आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसते. फडके काळे होते आणि तो काळा डाग साबणानेही पूर्ण जात नाही. सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा दोघांनी सांगितले की मुंबईची रेल्वे आपल्या आजोबांच्या काळापासून विजेवर चालते, तेव्हा ही काजळी रस्त्यावरच्या ट्रकांची आणि समोरच्या बांधकामाची असणार. मला वाद घालायचा नाही, परंतु रेल्वेत डिझेल आज नेमके कुठे जळते, त्याचा शरीराला किती अपाय होतो आणि ते कमी करण्यासाठी कोणाकडे नेमकी काय मागणी करावी, हे जाणकारांनी सांगितले तर मी पुढच्या बैठकीत ठामपणे बोलू शकेन.

निवृत्त शेडवाला

ताई, आपल्या शेजाऱ्यांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने धावली, आणि पुढे २०१२ ते २०१६ या काळात पश्चिम व मध्य रेल्वेचे उपनगरी मार्ग १५०० व्होल्टच्या जुन्या डीसी पुरवठ्यावरून २५ हजार व्होल्टच्या एसी पुरवठ्यावर आले. त्यामुळे लोकलच्या नावावर डिझेलचा एक थेंबही लागत नाही. परंतु गाडी ओढण्यासाठी वीज वापरली म्हणजे गाडीत डिझेल जळत नाही, असे मात्र नाही, आणि बाहेरच्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

आपण ज्या घरघरीचे वर्णन केले आहे ती माझ्या अंदाजाने पॉवर कारची, म्हणजे गाडीच्या जनरेटर डब्याची आहे. एलएचबी (जर्मन आराखड्याच्या नव्या) डब्यांच्या गाडीत दिवे, पंखे, वातानुकूलन आणि पँट्री यांना लागणारी वीज पूर्वी सर्वस्वी गाडीच्या दोन टोकांना लावलेल्या जनरेटर डब्यांतून येई. अशा एकेका डब्यात साधारण ५०० केव्हीए (जनरेटरच्या क्षमतेचे एकक) ताकदीचे दोन डिझेल जनरेटर असतात. म्हणजे ओव्हरहेड वायरखाली, विजेच्या इंजिनाला जोडलेली गाडी आपल्या डब्यांतल्या दिव्यांसाठी मात्र डिझेल जाळत जात असे. अलीकडे इंजिनच छतावरच्या पँटोग्राफने वरच्या तारेतून घेतलेली वीज ७५० व्होल्टवर आणून डब्यांना पुरवते. या व्यवस्थेला आम्ही एचओजी म्हणतो. ती आल्यापासून दोनांपैकी एक जनरेटर डबा काढून त्या जागी प्रवाशांचा व सामानाचा डबा लावता येतो आणि दुसरा केवळ अडीअडचणीसाठी राहतो.

मग तुमच्या खिडकीत धूर का? कारण यार्डात आलेल्या गाडीला विजेचे इंजिन जोडलेले नसते. डबे झाडायचे, दिवे तपासायचे, एसी चालवून पाहायचा, निघण्यापूर्वी डबे थंड करायचे, आणि त्यासाठी वीज हवी. पिट लाइनवर, म्हणजे ज्या खड्ड्याच्या रुळांवर गाडी उभी करून खालून तपासतात तिथे, ७५० व्होल्टचा बाहेरचा पुरवठा बसवलेला असेल तर केबल जोडली की काम होते आणि जनरेटर सुरू करण्याची गरजच राहत नाही. पुरवठा नसेल, किंवा असूनही बंद असेल, तर पॉवर कार चालू करण्यावाचून दुसरा इलाज नसतो. माझ्या नोकरीत मी एका ठिकाणी असा पुरवठ्याचा खांब पाहिला आहे की ज्याचे झाकण गंजून बसले होते आणि आत पालीने अंडी घातली होती; खर्च झाला होता, उद्घाटनही झाले होते, केवळ केबल आणून लावायला माणूस नव्हता. म्हणून ‘तुमच्याकडे पिट लाइनला वीज आहे का’ एवढेच विचारू नका, ‘ती रोज वापरली जाते का’ हे विचारा.

दुसरा स्रोत शंटिंगच्या, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणाऱ्या इंजिनाचा. एखादे डिझेल इंजिन यार्डात नुसते सुरू ठेवले, तर ते तासाला सुमारे २५ लिटर डिझेल पिते. इंजिन बंद का करत नाहीत, हा प्रश्न मला बायकोनेही विचारला होता. उत्तर असे की जुन्या बॅटरीमुळे ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते, ब्रेकच्या हवेचा दाब टिकवायचा असतो, आणि ऐन वेळी इंजिन सुरू झाले नाही तर गाडी उशिरा सुटल्याचे खापर चालवणाऱ्याच्या माथी फुटते. म्हणूनच काही इंजिनांत एक लहानसे सहायक इंजिन बसवले गेले. मुख्य इंजिन आपोआप बंद होते आणि तासाला सुमारे ३ लिटरमध्ये बॅटरी व हवा राखली जाते. २५ आणि ३ या आकड्यांतला फरक, ते सगळे अकारण जाळलेले डिझेल.

धुराच्या रंगाकडेही पाहत जा. जुन्या अल्को जातीच्या इंजिनाने जोर घेतला की टर्बो हवा पुरवायला क्षणभर मागे राहतो आणि तेवढ्यात जास्त डिझेल आत जाते, त्यामुळे काळा लोट उठतो. तो काही सेकंदांत विरळ झाला पाहिजे. काळा धूर सतत राहिला तर इंजेक्टर किंवा हवेची जाळी बिघडली आहे असे समजावे, आणि निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. हे तक्रारीत लिहिलेत तर शेडमधला माणूस ती वाचून टाळणार नाही, कारण त्याला कळेल की पलीकडच्याला रोग कळला आहे. रात्रीच्या ब्लॉकमध्ये रूळ बसवणारी यंत्रे आणि तारा दुरुस्त करणारी टॉवर वॅगनही डिझेलवरच चालतात, पण ती एका जागी रोज येत नाहीत, तेव्हा त्यांना या हिशेबात धरू नका.

दिवा–सावंतवाडी

वरच्या उत्तरात भर घालतो. गणपतीला गावी जाताना कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा बोगदा आला की आमची आजी पदर नाकाला लावायची आणि आम्हा मुलांना खिडक्या खाली ओढायला सांगायची, कारण साडेसहा किलोमीटरच्या त्या बोगद्यात डिझेल इंजिनाचा धूर साचून राहू नये म्हणून मोठाले पंखे बसवलेले असले, तरी खिडकीशी बसलेल्याच्या नाकपुड्या बाहेर येईपर्यंत काळ्या व्हायच्याच. इंजिनामागच्या पहिल्या जनरल डब्यातल्यांची स्थिती तर विचारूच नये. जून २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंतचे पूर्ण विद्युतीकरण राष्ट्रार्पण झाले आणि तो प्रकार संपत गेला. आता माझ्या मुलीला आजीच्या त्या पदराचे कारण समजावून सांगावे लागते. सांगायचा मुद्दा असा की हा धूर आपण प्रवासी वर्षातून दोनदा खात होतो, परंतु इंजिनचालक, गार्ड आणि फलाटावर वडापाव विकणारे रोज खात होते, आणि त्यांनी त्याविषयी तक्रार केल्याचे मी कधी ऐकले नाही.

छाती-दमा ओपीडी

मी परळ भागात श्वसनविकारांचे रुग्ण पाहतो, म्हणून आरोग्यापुरते लिहितो.

डिझेलच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. नाकातले केस आणि घशातली ओल मोठी धूळ अडवतात, पण हे कण थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. कणांच्या पृष्ठभागावर चिकटलेली हायड्रोकार्बन संयुगे त्यांच्याबरोबर आत जातात. धुरात नायट्रोजन डायऑक्साइडही असतो, जो श्वासनलिकांना सुजवतो. सीओपीडीच्या रुग्णाला पहाटे त्रास अधिक जाणवतो, याचे एक कारण शरीराच्या घड्याळातच आहे: पहाटेच्या वेळी श्वासनलिका मुळातच आकसलेल्या असतात. दुसरे कारण हवेत आहे. थंडीत पहाटे वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, त्यामुळे जो धूर दुपारी समुद्राच्या वाऱ्याने पांगला असता तो तुमच्या नाल्यावरच रेंगाळतो. म्हणजे जनरेटर सुरू करायला सर्वांत वाईट वेळ नेमकी तीच निवडली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. त्याआधी १९८८ पासून तो ‘बहुधा’च्या गटात होता. या निर्णयामागे खाणकामगारांच्या बरोबरीने रेल्वे कामगारांचेही पुरावे होते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली, तेव्हा तिथल्या सुमारे ५५ हजार रेल्वे कामगारांचा १९५९ ते १९९६ असा दीर्घ मागोवा घेण्यात आला, आणि गाड्यांवर काम करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कचेरीत बसणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. हा आकडा वर्षानुवर्षे इंजिनाशेजारी काम करणाऱ्यांचा आहे. तो वाचून यार्डाबाहेरच्या रहिवाशाने घाबरून घर विकायला काढू नये. तुमच्या घरातला खरा आणि आजचा धोका सासूबाईंचा विकार बळावण्याचा आहे.

तेवढ्यापुरते उपाय साधे आहेत. घरघर सुरू होण्याआधी यार्डाकडच्या खिडक्या बंद करून विरुद्ध बाजूची एक उघडी ठेवावी, सासूबाईंची झोपण्याची खोली शक्य असल्यास बदलावी, त्या खोलीत हेपा गाळणीचे यंत्र ठेवावे, आणि श्वास मोकळा करणारा पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घेतात ना, हे एकदा तपासावे, कारण माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांपैकी अनेकांचे निम्मे औषध जिभेवरच राहते. फ्लूची लस दरवर्षी चुकवू नये. यंत्रामुळे वास मात्र पूर्ण जाणार नाही, कारण ती गाळणी कण अडवते, वायू नव्हे.

आकड्यांचा माणूस

येथे थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. मुंबईच्या एकूण प्रदूषणात रेल्वेच्या डिझेलचा वाटा रस्ते, बांधकाम, बेकऱ्या, कारखाने आणि जळता कचरा यांच्यापुढे लहान आहे, आणि ‘रेल्वेमुळे मुंबईची हवा बिघडली’ असे पत्र लिहिलेत तर ते पहिल्याच टेबलावर खोडले जाईल. पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, वार्षिक मर्यादा भारतीय मानकात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ती ५ असावी, परंतु हे कण मोजणारे सरकारी केंद्र तुमच्या भिंतीपासून काही किलोमीटर दूर असणार. त्याचा आकडा तुमच्या स्वयंपाकघराविषयी काहीच सांगत नाही. तेव्हा मुद्दा शहराचा न करता अंतराचा आणि उंचीचा करा.

उंचीचा मुद्दा असा. एखाद्या इमारतीत डिझेल जनरेटर बसवला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राप्रमाणे त्याचे धुराडे इमारतीच्या उंचीपेक्षा आणखी वर न्यावे लागते, आणि हे ‘आणखी’ म्हणजे केव्हीएच्या वर्गमुळाचा पाचवा हिस्सा, मीटरमध्ये. ५०० केव्हीएसाठी हिशेब सुमारे साडेचार मीटर होतो. म्हणजे तुमच्या सोसायटीने स्वतःच्या लिफ्टसाठी एवढा संच घेतला असता, तर त्याचा धूर गच्चीच्याही दीड मजला वर सोडावा लागला असता. पॉवर कारचा धूर डब्याच्या छतातून, रुळापासून साधारण चार मीटरवर सुटतो, आणि ती उंची पहिल्या मजल्याच्या खिडकीचीच आहे. हा नियम इमारतीतल्या संचाचा आहे, डब्यातल्या नव्हे, तेव्हा त्याच्या आधारे कोणावर कारवाई मागू नका. पण बैठकीत समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण मला सुचत नाही. पेट्रोल पंपावर आता १० पीपीएम गंधकाचे बीएस-६ डिझेल मिळते म्हणून धूर निरुपद्रवी झाला, असे कोणी म्हणाले तर त्यालाही उत्तर द्या: इंधन स्वच्छ झाले तरी ज्या जुन्या इंजिनाला कण अडवणारी गाळणीच नाही, ते काजळी सोडणारच.

आता पुराव्याचे. तुळशीवरचा काळा थर डिझेलचाच आहे, हे तुम्ही गृहीत धरले आहे. रेल्वेशेजारी चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाची बारीक तपकिरी धूळही उडते आणि ती विजेच्या गाड्यांमुळेही पडते. खिडकीच्या कठड्यावरची धूळ कोरड्या कुंचल्याने पांढऱ्या कागदावर घ्या आणि कागदाखालून फ्रिजवरचे चुंबक फिरवा. जे कण चुंबकाबरोबर सरकतील ते लोखंडाचे. जे जागीच राहतील आणि बोटाने चोळल्यावर तेलकट काळा पट्टा उमटवतील, ती काजळी. ही प्रयोगशाळेची चाचणी नाही, आणि ट्रकांची काजळीही अशीच दिसेल, पण यार्डाकडची खिडकी आणि रस्त्याकडची खिडकी यांची तुलना केली तर बरेच काही कळेल.

जाता जाता परदेशातला एक दाखला. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे धावणारी कॅलट्रेन सप्टेंबर २०२४ मध्ये डिझेलवरून विजेवर आली, आणि त्या बदलाच्या काही आठवड्यांत बर्कलीच्या संशोधकांनी डब्यातली हवा मोजली, तेव्हा प्रवाशांच्या वाट्याला येणारी काजळी सरासरी ८९ टक्क्यांनी उतरलेली आढळली. त्याच कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ मध्ये इंजिन अर्ध्या तासापेक्षा जास्त नुसते सुरू ठेवण्यास मनाई करणारा नियम केला होता, तो मात्र अमेरिकेच्या केंद्र सरकारची मंजुरी न मिळाल्याने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्याच्या वाटेला लागला. नियमापेक्षा तार टिकाऊ निघाली, असे मी यातून घेतो. विजेमुळे धूर फक्त दुसरीकडे जातो, हा आक्षेपही येईल, आणि ज्यांनी ठाकुर्लीच्या रेल्वेच्या वीजकेंद्रात कोळसा जळताना पाहिला आहे त्यांना तो पटेलही. परंतु उंच धुराड्याचा धूर आणि खिडकीतला धूर, फुप्फुसाच्या दृष्टीने एक नव्हेत.

यार्डालगतची

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे घेतले, कारण आधी पाहायचे आणि मग बोलायचे ठरवले होते.

दुधाचे खाडे ज्या कॅलेंडरवर मांडते त्याच चौकोनात घरघर सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहीत गेले. २१ दिवसांपैकी १४ दिवस आवाज झाला, बहुतेक वेळा चार ते साडेपाच या वेळात. चुंबकाचा प्रयोग मुलाने केला. रस्त्याकडच्या खिडकीतली धूळ राखाडी निघाली, चुंबकाला फारशी दाद न देणारी; ती बांधकामाची असावी, म्हणजे शेजारी त्या खिडकीपुरते बरोबर ठरले. यार्डाकडच्या कठड्यावर दोन्ही होते: तपकिरी कण मिशीसारखे चुंबकामागे धावले, आणि उरलेल्या काळ्याने मुलाच्या शाळेच्या सदऱ्यावर जो पट्टा उमटवला तो अजून गेलेला नाही.

गेल्या रविवारी मी आणि सोसायटीचे सचिव यार्डाच्या फाटकाशी गेलो. तिथले पर्यवेक्षक तुटक बोलतील अशी माझी समजूत होती, पण त्यांनी चहा मागवला आणि स्वतःहून सांगितले की दोन पिट लाइनना बाहेरचा वीजपुरवठा आहे, आमच्या भिंतीजवळच्या तिसऱ्या लाइनला नाही, आणि गाड्या जास्त झाल्या की तिसरी वापरावी लागते. जनरेटरच्या डब्यात रात्रभर बसणाऱ्या त्यांच्या एका मेकॅनिकला त्यांनी बोलावले. तो कानात कापसाचे बोळे घालूनच आला आणि आमचा प्रश्न त्याला दोनदा मोठ्याने विचारावा लागला. सासूबाईंची खोली बदलली आहे आणि त्या आता सहापर्यंत झोपतात. पुढे काय लिहावे?

निवृत्त शेडवाला

फार चांगले काम केलेत. आता पत्रात तक्रार धुराची न करता तिसऱ्या लाइनची करा, म्हणजे पर्यवेक्षकालाही ते पत्र हवेसे वाटेल. त्याने बहुधा वरती मागितलेलीच गोष्ट तुम्ही बाहेरून मागत असाल. विभागीय व्यवस्थापकांच्या नावे सोसायटीच्या कागदावर लिहा आणि २१ दिवसांच्या वेळांचा तक्ता जोडा. ज्या दिवशी आवाज होईल त्या दिवशी रेल्वेच्या ‘रेलमदद’ या तक्रार-ॲपवर किंवा १३९ या दूरध्वनी क्रमांकावर नोंद करून तिचा क्रमांकही त्याच कॅलेंडरवर लिहीत जा. डब्याच्या अंगावर पॉवर कारचा क्रमांक आणि डब्ल्यूएलआरआरएम ही अक्षरे रंगवलेली असतात. गच्चीवरून दिसत असतील तर तीही टिपा.

त्याबरोबर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि त्यात मोजकेच विचारा: मागच्या १२ महिन्यांत या डेपोने पॉवर कारसाठी महिनेवार किती लिटर डिझेल दिले, कोणत्या पिट लाइनला ७५० व्होल्टचा पुरवठा कधी सुरू झाला, आणि तिसऱ्या लाइनचा प्रस्ताव मंजुरीच्या कोणत्या टप्प्यावर आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. डिझेलचा आकडा हाती आला की त्याला लिटरच्या भावाने गुणा आणि पत्रासोबत जोडा, कारण हिशेब खात्यातला माणूस धुराचे पत्र बाजूला ठेवू शकतो, पण जळालेल्या पैशांचे ठेवत नाही. आणि त्या मेकॅनिकच्या कानांविषयी एक ओळ पत्रात अवश्य घाला. त्याला स्वतःला ती लिहिता येणार नाही.